‘नो पार्स’, पण कुठे?

(या स्तंभात कोडमधली नावंही देवनागरीतच छापतो. टाइप करताना ती रोमनमध्ये वाचायची, एवढं सांभाळून घ्या. एका पत्रलेखिकेच्या विनंतीवरून तिचं नाव दिलेलं नाही. मग बाकीच्यांचीही दिली नाहीत.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे; दोन वर्षं झाली, तरी ‘शिकते आहे’ असंच म्हणते. स्वतःसाठी आणि दोन सहकाऱ्यांसाठी मी एक छोटं कमांड-लाइन टूल लिहिलं आहे. आम्ही कामाचा वेळ एका साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फाइलीत टिपून ठेवतो: तारीख, मिनिटं, कामाचा प्रकार. टूल ती फाइल वाचून प्रत्येक प्रकाराची बेरीज छापतं. फाइल ४,३१८ ओळींची झाली आणि एक दिवस टूलने पहिल्या तीन प्रकारांच्या बेरजा नीट छापल्या, चौथ्याला मात्र ‘प्रिल्यूड डॉट रीड: नो पार्स’ (म्हणजे मजकुराचा अर्थ लागला नाही) असं म्हणून ते बंद पडलं. फाइलीचे अर्धे-अर्धे तुकडे करत चुकीची ओळ शोधण्यात सगळी संध्याकाळ गेली. कुणीतरी ‘४५ मि.’ लिहिलं होतं.

मग मी तीन उपाय केले. आधी बेरजेभोवती चूक पकडणारं ‘ट्राय’ लावलं. काही फरक पडला नाही, तीच एरर. मग मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘रीड’च्या जागी, जमलं नाही तर न पडता ‘नथिंग’ देणारं ‘रीडमेबी’ घातलं आणि ‘मॅपमेबी’ने वाईट ओळी गाळल्या. टूल पडायचं थांबलं, पण महिन्याच्या बेरजेत नऊ तास कमी भरले, ते खूप उशिरा लक्षात आलं. शेवटी सगळ्या ‘मेन’भोवती (मुख्य फंक्शनभोवती) एकच मोठं ‘कॅच’ घातलं, जे ‘काहीतरी चुकलं’ असं छापतं. गंमत म्हणजे आता ‘--हेल्प’ दिलं तरी मदतीचा मजकूर छापून झाल्यावर खाली ‘काहीतरी चुकलं: एक्झिटसक्सेस’ येतं! यश मिळालं तरी चुकलंच म्हणायचं का? यासाठी कुठली लायब्ररी वापरू?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्याने हसलो, कारण हे तिन्ही उपाय मी स्वतः करून बसलोय, आणि याच क्रमाने. लायब्ररीचं नंतर बघू. आधी या तिन्हींत नेमकं काय झालं ते समजून घेऊ. ते समजलं की लायब्ररी निवडणं ही अगदी किरकोळ गोष्ट उरते.

तीन बेरजा छापून चौथीला मरण का आलं? तुम्ही बहुधा ‘डेटा डॉट मॅप’मधलं ‘फ्रॉमलिस्टविथ’ वापरलं असणार. तिथे ‘की’ (इथे कामाचे प्रकार) लगेच तपासल्या जातात, ‘व्हॅल्यू’ (इथे मिनिटं) नाही. म्हणजे ‘४५ मि.’चा आकडा करायचं काम टूलने केलंच नव्हतं, ‘करू वेळ आली की’ म्हणून ठेवून दिलं होतं. ती वेळ आली चौथ्या प्रकाराची बेरीज छापताना. तोवर तीन ओळी पडद्यावर गेलेल्या. हास्केलचा आळशीपणा एरवी गुणाचा. पण इथे त्याने तपासणी छपाईच्या मधोमध नेऊन ठेवली.

‘ट्राय’चंही तसंच. ‘ट्राय’च्या आत तुम्ही ‘रिटर्न’ करून बेरीज दिली असेल, तर त्याच्या हाती पडला न सोडवलेला हिशोब. ‘सगळं ठीक’ म्हणून त्याने तो बाहेर सोडला आणि स्फोट झाला दाराबाहेर. तिथे ‘रिटर्न’ऐवजी ‘इव्हॅल्युएट’ हवं होतं, आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण ‘इव्हॅल्युएट’ फक्त वरचं पहिलं कवच फोडतं. यादीच्या पोटातली चूक पोटातच राहते. शुद्ध (नुसता हिशोब करणाऱ्या, बाहेरच्या जगाला हात न लावणाऱ्या) कोडमधली चूक ‘ट्राय’ने पकडायला जाणं हा मार्गच आडवळणाचा. तिकडे जाऊ नका.

मोठ्या ‘कॅच’चं कोडं सोपं आहे. हास्केलमध्ये प्रोग्राम संपवणारं ‘एक्झिटविथ’ हेही एक एक्सेप्शनच (चालू काम मध्येच तोडणारा इशारा) फेकतं, ‘एक्झिटकोड’ नावाचं. तुम्ही ‘सम-एक्सेप्शन’ पकडलंत, म्हणजे जाळं टाकून सगळंच ओढलंत; त्यात मदत छापून शहाण्यासारखं बाहेर पडणारं ‘एक्झिटसक्सेस’ही सापडलं. याहून गंभीर बाजू वेगळी आहे. तुमचा हँडलर संदेश छापून गुमान परत येतो, म्हणजे खरी चूक झाली तरी प्रोग्रामचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. उद्या हे टूल एखाद्या स्क्रिप्टमधून रोज रात्री चाललं, तर ती स्क्रिप्ट ‘काहीतरी चुकलं’ वाचणार नाही. तिला शून्य दिसेल, ती पुढे जाईल.

पण तिघांत सर्वांत वाईट उपाय मधला. पडणारं टूल निदान खोटं बोलत नाही. ‘मॅपमेबी’वालं टूल नऊ तास खाऊन साळसूदपणे बेरीज दाखवतं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या टूलला त्या ओळीबद्दल सगळं माहीत होतं: फाइलीचं नाव, कितवी ओळ, कुठला रकाना, त्यात काय लिहिलंय, तिथे काय हवं होतं. पाचही गोष्टी एका क्षणी त्याच्या हातात होत्या. ‘रीडमेबी’ बोलावलं आणि त्यातलं काहीच उरलं नाही, ‘नथिंग’ राहिलं. ‘मेबी’ हा प्रकार वाईट नाही, पण तो मुका आहे. ‘नाही’ म्हणतो, का ते सांगत नाही. तेव्हा सुधारणा म्हणजे चांगला संदेश ‘लिहिणं’ नव्हे. संदेशाला लागणारी माहिती वाटेत फेकून न देणं, एवढंच काम आहे. मी एकदा एक टूल सहकाऱ्यांना दिलं होतं, त्यात झोकात लिहिलेलं ‘इनपुट अवैध आहे’. एकीने फोन करून ते वाचून दाखवलं. मी विचारलं, कुठल्या ओळीत? ती म्हणाली, ‘ते तुमच्या टूलने सांगायला नको का?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पहिलं पाऊल: चुकीसाठी स्वतंत्र टाइप (डेटाचा प्रकार) तयार करा. त्यात ओळीचा क्रमांक, रकान्याचं नाव, मूळ मजकूर जसाच्या तसा, आणि कारण. कारणाला स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवू नका. त्याचाही टाइप करा: ‘संख्या नाही’, ‘मर्यादेबाहेर’ (सोबत दोन्ही मर्यादा), ‘अशी तारीख नाही’, ‘अनोळखी प्रकार’ (सोबत ओळखीच्या प्रकारांची यादी), ‘रकाने कमी-जास्त’ (सोबत किती सापडले). कारणाचं वाक्य करणारं फंक्शन एकच, आणि ते शेवटच्या टोकाला. कंपायलरचे ‘वॉल’ इशारे चालू ठेवले असतील, तर उद्या सहावं कारण घातल्यावर त्याचं वाक्य लिहायचं राहिलंय हे कंपायलरच सांगेल.

ओळीचा क्रमांक फाइल वाचल्याबरोबर चिकटवा, एकापासून, इतर काहीही करण्याआधी. लोक शीर्षकाची ओळ काढतात, रिकाम्या ओळी गाळतात आणि मग मोजतात. मग टूल म्हणतं २,१०६ आणि माणूस त्या ओळीकडे बघत बसतो. चूक असते २,१०७ वर. आणि अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ असलेली सीएसव्ही तुमच्याकडे येत असेल, तर नोंदीचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक एक राहत नाहीत. अशा वेळी संदेशात ‘नोंद’ म्हणा, ‘ओळ’ म्हणू नका. एडिटरमध्ये शोधणाऱ्याचं डोकं वाचतं.

आता ‘मेबी’च्या जागी ‘आयदर’ आणा. डावीकडे चूक, उजवीकडे पक्की नोंद. इथे बहुतेकजण थांबतात आणि नवीन त्रास सुरू होतो: ‘आयदर’ पहिल्या ‘लेफ्ट’लाच थांबतं. एक ओळ दुरुस्त करा, टूल चालवा, पुढची चूक. पुन्हा दुरुस्त, पुन्हा चालवा. सतरा चुका म्हणजे सतरा फेऱ्या. वापरणाऱ्याला सगळ्या चुका एकदम हव्या असतात.

हे दोन पातळ्यांवर सोडवायचं. ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांच्यासाठी काही विशेष लागत नाही. प्रत्येक ओळीचं ‘आयदर’ करा आणि सगळी यादी ‘डेटा डॉट आयदर’मधल्या ‘पार्टिशन-आयदर्स’ला द्या. चुका एका हाताला, चांगल्या नोंदी दुसऱ्या हाताला. एका ओळीच्या आत तीन रकाने. तारीखही चुकली आणि मिनिटंही, तर दोन्ही कळायला हवं. तिथे ‘व्हॅलिडेशन’ नावाचं पॅकेज कामाचं. त्यातला टाइप दिसायला ‘आयदर’सारखाच, पण तो फक्त ॲप्लिकेटिव्ह (स्वतंत्र हिशोब एकत्र जोडणारा) आहे, मोनॅड (एकावर एक अवलंबून पायऱ्या जोडणारा) नाही, आणि दोन्ही बाजू चुकल्या तर चुका जोडत जातो. कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांनी २००८ साली ॲप्लिकेटिव्हची कल्पना मांडली, त्या लेखातसुद्धा चुका गोळा करण्याचं उदाहरण आहे. ही काही आजची युक्ती नव्हे.

मोनॅड का नाही, हे दोन मिनिटं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण याच जागी लोक लायब्ररीवर चिडतात. मोनॅडमध्ये पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर उभी असते. मागची पायरीच चुकली तर पुढचीला द्यायला हातात काही नाही. मग ती चालवून तिच्या चुका कशा गोळा करणार? म्हणून नियम असा: जे तपास एकमेकांवर अवलंबून नाहीत ते ‘व्हॅलिडेशन’ने जोडा, जे आहेत ते ‘आयदर’ने. तारीख वाचता आली तरच ती भविष्यातली आहे का हे विचारता येतं, ते ‘आयदर’. तारीख आणि मिनिटं यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते ‘व्हॅलिडेशन’. आणि हो, ‘भविष्यातली’ ठरवायला आजची तारीख लागते. ती ‘मेन’मध्ये एकदाच विचारा आणि तपासणीला बाहेरून द्या. तपासणी शुद्ध राहते, चाचणीत हवा तो ‘आज’ देता येतो.

आता एकेका रकान्याचं. ‘रीडमेबी’ला सगळे कडक समजतात; प्रत्यक्षात तो हास्केलचा कोड वाचणारा आहे, माणसाचा मजकूर वाचणारा नव्हे. म्हणून त्याला ‘(४५)’ कंसासकट चालतं. ‘०एक्स२डी’ हेही चालतं, ते षोडशमानात पंचेचाळीसच. आजूबाजूच्या मोकळ्या जागा चालतात. देवनागरी अंकांतलं ४५ मात्र अजिबात चालत नाही. दशांश हवे म्हणून ‘डबल’ घेतलंत, तर ‘एनएएन’ (‘आकडा नाही’ या अर्थाचं मूल्य) ही तीन अक्षरंही वैध ठरतात. आणि त्या ‘एनएएन’ची खोड अशी की ते शून्यापेक्षा लहानही नाही आणि १,४४० (दिवसातली एकूण मिनिटं) पेक्षा मोठंही नाही. ‘लहान किंवा मोठं असेल तर नाकार’ असं लिहिलंत की ते मधून आरामात निसटतं, आणि बेरीज कायमची नासते. तपास नेहमी सुलट लिहा: ‘या मर्यादांच्या आत असेल तरच घे’.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल: मिनिटं ऋण नसतात, मग ‘इंट’ऐवजी ‘वर्ड१६’ (ऋण आकडे नसलेला, सोळा बिटांचा टाइप) वापर, टाइपच सांभाळेल. सांभाळत नाही. ‘रीडमेबी’ने ‘-५’ वाचून ‘वर्ड१६’ मागितलात तर मिळतं ६५,५३१. ७०,००० दिलेत तर ४,४६४. तक्रार नाही, ‘नथिंग’ नाही, नुसतं गोल फिरून आलेलं उत्तर. आधी ‘इंटिजर’ म्हणून वाचा, मर्यादा तपासा, मग ‘मिनिटं’ नावाच्या न्यूटाइपमध्ये (वेगळं नाव दिलेल्या वेष्टनात) ठेवा आणि त्याचा कन्स्ट्रक्टर (ते वेष्टन चढवायचं साधन) मॉड्यूलबाहेर जाऊ देऊ नका. पुढच्या सगळ्या कोडला मग पुन्हा तपासायचं काम उरत नाही.

तारखेतही असाच एक खड्डा. वर्ष-महिना-दिवस सुटे करून ‘फ्रॉमग्रेगोरियन’ला दिलेत, तर २०२३च्या फेब्रुवारीची ३१ तारीख तो निमूटपणे २८ करून देतो. ‘फ्रॉमग्रेगोरियनव्हॅलिड’ वापरा, तो नाही म्हणतो. (एका अक्षराने काही बिघडत नाही म्हणतात; इथे एका शेपटाने तीन दिवस हलतात.)

हे सगळं झालं की ‘मेन’ अगदी सरळ होतो: फाइल वाच, सगळ्या ओळी तपास, एकही चूक असेल तर चुका छापून बाहेर पड, नसेल तरच बेरीज. छपाईचा पहिला शब्द जायच्या आत तपासणी संपलेली असते, कारण ‘एकही चूक नाही’ हे ठरवायला प्रत्येक ओळीचा ‘लेफ्ट’ की ‘राइट’ हा निकाल लागावाच लागतो. आळशीपणाशी भांडायची गरजच राहत नाही. फाइल सापडते का हे आधी तपासत बसू नका. तपासणं आणि उघडणं यांच्यामध्ये ती नाहीशी होऊ शकते. सरळ उघडा, आणि फक्त ‘आयओ-एक्सेप्शन’ (फाइल उघडण्या-वाचण्यातल्या चुका) पकडा. तुमचं ते मोठं ‘कॅच’ काढून टाका.

चुका ‘एसटीडीएरर’वर (चुकांसाठीची वेगळी वाट), अहवाल ‘एसटीडीआउट’वर (नेहमीच्या छपाईची वाट). अहवाल फाइलीत वळवला तरी चुका डोळ्यांसमोर राहतात. एक्झिट कोडचे फार प्रकार करू नका. बीएसडी या युनिक्स-घराण्याच्या परंपरेत वापर चुकला तर ६४, डेटा चुकला तर ६५, इनपुट फाइल नसेल तर ६६ अशी यादी आहे. हवी तर घ्या. मला दोन पुरतात: डेटा चुकला तर १, टूल चुकीच्या पद्धतीने बोलावलं तर २.

संदेश असा:

वेळनोंद.सीएसव्ही:२१०७: ‘मिनिटं’ रकान्यात ‘४५ मि.’ आहे. नुसता आकडा हवा, ० ते १४४०.
वेळनोंद.सीएसव्ही:३३९०: ‘तारीख’ रकान्यात ‘२०२३-०२-३१’ आहे. अशी तारीख नाही.
वेळनोंद.सीएसव्ही:३३९०: ‘मिनिटं’ रकाना रिकामा आहे. नुसता आकडा हवा, ० ते १४४०.
४३१८ ओळींपैकी २ ओळींत ३ चुका. अहवाल छापलेला नाही.

सुरुवातीचं ‘फाइल, अपूर्णविराम (:), ओळ’ हे रूप मुद्दाम घेतलंय. जीएचसी हा हास्केलचा कंपायलर स्वतःच्या एरर अशाच छापतो आणि बऱ्याच एडिटरना त्यावरून थेट त्या ओळीवर उडी मारता येते. ‘अवैध’, ‘अयोग्य’, ‘कृपया’ हे शब्द मी वापरत नाही. काय सापडलं, काय हवं. शेवटची ओळ मात्र हवीच. नाहीतर माणूस विचारात पडतो की आधी दिसलेला कालचा अहवाल आजचा तर नव्हे.

एक वेळ अशी येईल की कुणीतरी स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने रकाने वेगळे केलेली फाइल देईल, आणि टूल इमानेइतबारे ४,३१८ चुका छापेल. पहिल्या वीस छापा आणि बाकीच्यांची संख्या सांगा. आणि प्रत्येक ओळीला ‘रकाना एकच सापडला’ हेच कारण असेल, तर त्या वीसही छापू नका. ‘ही फाइल स्वल्पविरामाने विभागलेली दिसत नाही’ एवढंच म्हणा. ही सोय तुम्हाला मिळते, कारण ‘चुकीचं कारण’ हा टाइप आहे, स्ट्रिंग नाही. सगळी कारणं सारखीच आहेत का, हे कोडला विचारता येतं.

वाईट ओळी गाळून पुढे जायची खरंच गरज पडली, तर तसा वेगळा पर्याय ठेवा, जो माणसाने स्वतः टाइप करावा लागेल, आणि गाळलेल्या ओळी तरीही ‘एसटीडीएरर’वर छापा. नऊ तास जायचे असतील तर निदान सांगून जावेत.

चाचणीसाठी एक छोटी, मुद्दाम बिघडवलेली फाइल आणि तिच्यावर टूलने काय छापायला हवं त्याची दुसरी फाइल, एवढं पुरे. ‘टेस्टी-गोल्डन’ दोन्ही जुळवून बघतं. एररची वाक्यं चाचणीत आली की ती कोडइतकीच जपली जातात, हा माझा अनुभव.

प्रश्न : कमांडवर दिलेले पर्याय वाचायला मी ‘ऑप्टपार्स-ॲप्लिकेटिव्ह’ ही लायब्ररी वापरतो. ‘--पासून’ आणि ‘--पर्यंत’ अशा दोन तारखा घेतो. तारीख चुकली तर ‘कॅनॉट पार्स व्हॅल्यू’ एवढंच येतं. आणि ‘पासून’ ही ‘पर्यंत’च्या नंतरची असेल तर ते कुठे तपासायचं? सध्या आत खोलवर ‘एरर’ फंक्शन बोलावतो, मग वापरणाऱ्याला ‘कॉलस्टॅक’ (प्रोग्रामच्या आत कुणी कुणाला बोलावलं त्याची साखळी) दिसतो.

उत्तर : पहिल्याचं कारण त्या लायब्ररीतला ‘ऑटो’. तो ‘रीड’वरच चालतो, म्हणून त्याचा संदेशही तसाच त्रोटक. त्याच्या जागी ‘आयदर-रीडर’ ठेवा. तो स्ट्रिंग घेऊन ‘आयदर’ देणारं तुमचंच फंक्शन घेतो, आणि ‘लेफ्ट’मध्ये तुम्ही जे वाक्य द्याल ते छापतो. वरच्या उत्तरातलं तारखेचं फंक्शन जसंच्या तसं इथे लावा. फाइलीतली तारीख आणि कमांडवरची तारीख यांना वेगवेगळे नियम असायचं काही कारण नाही.

दुसरा तपास दोन पर्यायांचा मिळून आहे. ॲप्लिकेटिव्ह पार्सरमध्ये एका पर्यायाचं उत्तर दुसऱ्याला दिसत नाही, तेव्हा तो पार्सिंग झाल्यावरच होणार. पण ‘एरर’ने नव्हे. ‘एरर’ म्हणजे ‘प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक’, वापरणाऱ्याची नव्हे. त्याला कॉलस्टॅक दाखवणं म्हणजे दार चुकलेल्या पाहुण्याला घराचा नकाशा देणं. लायब्ररीतच ‘पार्सर-फेल्युअर’ आहे. त्याला तुमचा संदेश ‘एरर-एमएसजी’ म्हणून द्या आणि निकाल ‘हँडल-पार्स-रिझल्ट’कडे सोपवा. संदेशाखाली वापराची ओळ आपोआप येते आणि चूक लायब्ररीनेच पकडल्यासारखी दिसते. एक्झिट कोड बदलायचा असेल तर ‘इन्फो’मध्ये ‘फेल्युअर-कोड’ द्या. दिला नाही तर १ असतो.

प्रश्न : माझ्या टूलमध्ये कामाच्या प्रकारांची यादी वेगळ्या फाइलीत आहे, मराठीत. टूल म्हणतं, अनोळखी प्रकार “\२३४२\२३६९\२३६०\२३५२\२३८१\८२०५\२३५१\२३६६”. एकतर हे काय आहे? दुसरं म्हणजे मी दोन्ही फाइली शेजारी उघडून पाहिल्या. दोन्हीकडे ‘दुसऱ्या’ असंच लिहिलंय. डोळे फाडून पाहिलं.

उत्तर : डोळ्यांचा दोष नाही. पहिल्या भागाचं उत्तर सोपं: तुम्ही मजकुराला अवतरणचिन्हं मिळावीत म्हणून ‘शो’ वापरलंत. ‘शो’ हास्केलच्या कोडमध्ये परत चिकटवता येईल असं रूप देतो, आणि आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचं) प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहितो. माणसांना दाखवायच्या मजकुरावर ‘शो’ नको, अवतरणचिन्हं हाताने जोडा. आणि ‘मेन’च्या सुरुवातीला ‘एसटीडीआउट’ आणि ‘एसटीडीएरर’ या दोन्हींना ‘एचसेट-एन्कोडिंग’ने यूटीएफ-८ करा. नाहीतर ज्या यंत्रावर लोकॅल (भाषेची सेटिंग) ‘सी’ असेल तिथे तुमचा मराठी एरर संदेश छापतानाच टूल दुसऱ्या एररने पडेल.

दुसरा भाग मात्र अस्सल मराठी दुखणं आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं निदान त्या कुरूप क्रमांकांतच आहे. तुमच्या ओळीत आहे २३५२, २३८१, ८२०५: म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, झिरो-विड्थ जॉइनर. यादीच्या फाइलीवर ‘शो’ चालवून पाहा. तिथे बहुधा २३५३, २३८१ निघेल: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन्ही रीतींनी लिहिता येतो. कुठला कीबोर्ड एक देतो, कुठला दुसरा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, हास्केलला दोन वेगळे शब्द.

युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की सुटेल असं वाटतं, पण नाही. एनएफसी ही त्याची नेहमीची रीत सुटा र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ करून देईल. जोडचिन्हाच्या रूपाला हात लावणार नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं एकमेकांचे पर्याय नाहीत. मग वैतागून कुणी म्हणतं, ते अदृश्य चिन्ह सरसकट काढून टाकू. मीही काढलं होतं. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. डोंगरांमधल्या जागेचा समुद्र.

करायचं ते एवढंच: मजकूर आत घेतानाच, तुलना करायच्या आधी, ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा तिकडीचा क्रम जिथे दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ करा. दोन्ही फाइलींना. मग एनएफसी. फाइल वाचतानाचं एन्कोडिंगही ‘यूटीएफ-८-बीओएम’ ठेवा. काही स्प्रेडशीट फाइलीच्या सुरुवातीला ६५,२७९ क्रमांकाचं आणखी एक अदृश्य चिन्ह घालतात, आणि मग पहिल्या रकान्याचं नाव ‘तारीख’ असूनही टूल म्हणतं ‘तारीख’ नावाचा रकाना नाही.

आणि हे करूनही कधीतरी तिसरंच काही अदृश्य येईल. त्यासाठी माझ्या टूलमध्ये अनोळखी प्रकाराच्या एररला एक जादा फाटा आहे. मिळालेला शब्द आणि यादीतला प्रत्येक शब्द यांतली अदृश्य चिन्हं काढून पुन्हा तुलना करतो. निव्वळ संशयासाठी, स्वीकारासाठी नव्हे. जुळलं, तर संदेशाखाली एक ओळ येते: ‘हा शब्द यादीतल्या नवव्या शब्दासारखा दिसतो, पण अक्षरं वेगळी आहेत’, आणि त्याखाली दोन्हींचे क्रमांक, एकाखाली एक. तिथे मात्र मी ‘शो’च वापरतो.